कागदाचें घर आणि पितळेचें सोनें



ज्यानें आजन्म मुलांकडून 'चोरी करूं नये, खोटें बोलूं नये' असे धडे गिरवून घेतले, त्या निवृत्त शाळामास्तरानें दरोड्याच्या गोष्टीवर भाषण करावें, हें कित्येकांस विपरीत वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपुरतें. स्पॅनिश भाषेचा मला गंध नाहीं, आणि नाट्यसमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु एका दरोड्याच्या मालिकेचा अखेरचा भाग आमच्या भिवंडीच्या घरांत पाहिला गेला, त्यावर आमच्या ओट्यावर चार रात्री वाद चालला, आणि त्या वादाच्या भरांत मला माझ्या आईची एक गोष्ट सांगावी लागली, जी मी तोंवर कोणापाशीं बोललों नव्हतों. त्या वादाची हकीकत आपणांस निवेदन करावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मालिकेचें मूळ स्पॅनिश नांव 'ला कासा दे पापेल', म्हणजे 'कागदाचें घर'. इकडे ती 'मनी हाइस्ट' या इंग्रजी नांवानें ओळखली जाते. आलेक्स पिना हा तिचा जनक. २ मे २०१७ रोजीं स्पेनमधील 'आंतेना ३' या वाहिनीवर ती सुरू झाली. आरंभीं तिला प्रेक्षक पुष्कळ लाभले, पुढें ते ओसरत गेले, आणि मालिका संपल्यांतच जमा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस नेटफ्लिक्सनें ती जगापुढें ठेवली आणि तिचें दैव उघडलें. २०१८ सालीं तिला आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालें. रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट चालणाऱ्या आमच्या गल्लींतहि तिचे भक्त निपजले. माझा नातू त्यांतला एक. त्याच्या नादानें मीहि पाहूं लागलों. प्रथम नांवें ठेवण्यासाठीं, आणि मागाहून, खरें सांगावयाचें तर, पुढें काय होतें या उत्कंठेनें.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. 'प्रोफेसर' या नांवानें वावरणारा एक बुद्धिमान, संकोची गृहस्थ कांहीं गुन्हेगार व निराधार माणसें गोळा करतो. कोणीं कोणास खरें नांव सांगावयाचें नाहीं असा नियम. म्हणून प्रत्येकास एकेका शहराचें नांव मिळतें. टोकियो, बर्लिन, नैरोबी, डेन्व्हर अशीं तीं नांवें. अंगांत लाल पोषाख आणि तोंडावर चित्रकार दाली याचा मुखवटा. हीं माणसें माद्रिदच्या शाही टांकसाळींत शिरतात, आणि तेथें असलेल्या नोटा उचलण्याऐवजीं दिवसचे दिवस आंत राहून नव्या नोटा छापून घेतात! पुढें त्यांच्यांतील एकास पोलीस पकडतात, तेव्हां त्याच्या सुटकेसाठीं दुसरा दरोडा रचला जातो. या वेळीं लक्ष्य असतें स्पेनच्या मध्यवर्ती बँकेंतील राष्ट्राचें नव्वद टन सोनें.

अखेरचा भाग ३ डिसेंबर २०२१ रोजीं, शुक्रवारीं दुपारीं दीड वाजतां आपल्याकडे आला. त्याचें नांव 'कुलपरंपरा' अशा अर्थाचें आहे. त्यापूर्वींच बर्लिन, नैरोबी आणि स्वतः गोष्ट सांगणारी टोकियो यांना मरण आलेलें असतें. सोनें वितळवून, त्याचे बारीक कण करून, तें नळांतून बँकेबाहेर पोंचविलेलें असतें. आणि तेथेंच 'चोरावर मोर' भेटतो. बर्लिनचाच मुलगा तें सोनें पळवितो. प्रोफेसर त्याला एक चिठ्ठी पाठवितो आणि आप्तपणाची आठवण देतो. मुलगा विचारांत पडतो, आणि सोनें परत करतो.

इकडे राष्ट्राचें सोनें गेल्याची बातमी फुटतांच स्पेनचे बाजार कोसळूं लागतात. तोंच बँकेच्या दारांत सोन्याच्या विटांनीं भरलेल्या गाड्या येऊन उभ्या राहतात. सोनें परत आलें हें पाहून बाजार सांवरतात. मागाहून सेनाधिकारी तामायो याच्या ध्यानीं येतें कीं, त्या विटा पितळेच्या आहेत. वर केवळ सोन्याचा मुलामा आहे. प्रोफेसर त्याला शांतपणें पेंच घालतो. हें पितळ आहे असें तुम्हीं जाहीर केलेंत तर देशाचें दिवाळें निघेल. गप्प राहिलांत तर देश वांचेल. तिजोरींत काय आहे याला महत्त्व नाहीं, काय आहे असें लोक मानतात याला आहे. तामायो हरतो. दरोडेखोर मेले असें जाहीर होतें, त्यांना नव्या नांवांचीं पारपत्रें मिळतात, आणि एक विमान त्यांना घेऊन उडून जातें. विमान म्हणजे हेलिकॉप्टर, हें माझ्या नातवानें हें भाषण वाचतांना सुधारून दिलें.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओट्यावर मंडळी जमली. माझा नातू होता; त्याचा एक मित्र, जो शहराबाहेरच्या मोठ्या गोदामांत मालाच्या नोंदी ठेवतो; शेजारची वाणिज्य शाखेंत शिकणारी मुलगी; आणि एक मागवाले गृहस्थ, जे एके काळीं माझे विद्यार्थी होते. नातवाचें तोंड उतरलेलें होतें. मालिका गोड शेवटाची, तरी तो घरचें माणूस गांवाला पोंचवून आल्यासारखा बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, उद्यांपासून पाहायला कांहीं उरलें नाहीं." मला हंसूं आलें, पण तें मीं आवरलें. कीर्तनसप्ताहाचा काला झाल्यावर दुसऱ्या दिवशींचें रिकामें देऊळ ज्यानें पाहिलें आहे, त्याला हें दुःख समजण्यास हरकत नाहीं.

वादाला तोंड फोडलें तें मागवाल्यांनीं. ते म्हणाले, "गुरुजी, नैरोबी गेली, टोकियो गेली, आणि बाकीचे सर्वजण हंसत हंसत सुटले. शेवट फार सोपा झाला. सोनें परत द्यायला पोराला एक चिठ्ठी पुरली? आमच्या धंद्यांत चार नोटिसा पाठवूनहि उधारी परत येत नाहीं!" मुलीचें मत निराळें होतें. तिच्या मतें, पितळेच्या विटा हेंच मालिकेचें खरें मर्म होय. पहिल्या दरोड्यांत कागदाला किंमत येते, दुसऱ्यांत पितळेला येते. दोन्हीकडे किंमत देणारे आपण. नातवाला सोन्याशीं कर्तव्यच नव्हतें. त्याला तीं माणसें एकत्र राहिलीं, एवढेंच पुरे होतें.

मग सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं विचारलें, "चोर सुटले याचा तुम्हांला आनंद कां झाला, तेवढें सांगा."

गोदामांतला मुलगा तत्काळ म्हणाला, "गुरुजी, त्यांनीं कुणा गरिबाच्या खिशांत हात घातला नाहीं. पहिल्या वेळीं नोटा त्यांच्या त्यांनींच छापल्या. दुसऱ्या वेळीं सोनें सरकारचें होतें." प्रोफेसरहि पहिल्या दरोड्याच्या वेळीं असाच युक्तिवाद करतो. युरोपची मध्यवर्ती बँक हवेंतून पैसा निर्माण करून धनाढ्य बँकांस देते, ती चोरी नव्हे. आणि आम्हीं छापला तर मात्र चोरी!

मीं त्यांना आपल्याकडच्या एका जुन्या चोराची आठवण दिली. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकांत, जें देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणलें, शर्विलक नांवाचा ब्राह्मण आहे. तो चारुदत्ताच्या घराला भोंक पाडतो, पण त्यापूर्वीं भोंकाचा आकार कोणता असावा याचा कलावंताप्रमाणें विचार करतो, आणि माप घ्यावयास दोरी नाहीं म्हणून गळ्यांतील जानवें वापरतो! प्रोफेसरच्या आंखीव योजनांचा हा पूर्वज म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. शर्विलकाला दागिने हवे असतात ते प्रेयसी मदनिकेला दास्यांतून सोडविण्यासाठीं. प्रेक्षक त्याच्यावर रागावत नाहीं. परंतु शूद्रक तेथेंच थांबत नाहीं. दागिने ज्याच्यापाशीं ठेव म्हणून होते त्या चारुदत्ताची अवस्था तो दाखवितो. घर दरिद्री, चोरी झाली यावर कोणाचा विश्वास बसणार? यानेंच ठेव गिळली असें जग म्हणेल, ही त्याची वेदना. त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते, ती पतीची पत राखण्यासाठीं. आणि मदनिका शर्विलकाला ते दागिने त्यांच्या मालकिणीकडेच परत नेऊन द्यावयास लावते. चोराचें कौतुक करूनहि ज्याचें गेलें त्याचें घर नाटककार विसरला नाहीं.

"पण गुरुजी, इथें कुणाचें घर गेलें?" मुलीनें विचारलें.

या प्रश्नाला उत्तर म्हणून मीं आपल्याच मुंबईंतील एक प्रकार सांगितला. १९ मार्च १९८७ रोजीं ऑपेरा हाऊस येथील एका प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयची म्हणून धाड पडली. म्होरक्यानें आधीं वर्तमानपत्रांत नोकरीची जाहिरात दिली होती, ताजमहाल हॉटेलांत मुलाखती घेतल्या होत्या, आणि निवडलेल्या २६ उमेदवारांस सरावाची धाड म्हणून पेढीवर नेलें होतें. दागिने पिशव्यांत भरले, मोहोरबंद झाले, आणि तो गृहस्थ जो बाहेर पडला तो पुढें कधींच सांपडला नाहीं. २०१३ सालीं या घटनेच्या आधारानें निघालेला 'स्पेशल २६' हा हिंदी चित्रपट पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या युक्तीचें नवल मलाहि वाटतें. परंतु एक आयुष्य मुलांना परीक्षेस बसविण्यांत गेल्यामुळें माझें मन त्या २६ जणांभोंवतीं घुटमळतें. सरकारी नोकरी लागली म्हणून त्यांतील कित्येकांनीं घरीं पेढे नेले असतील. सायंकाळीं त्यांच्या हातीं काय उरलें? दरोड्याच्या गोष्टींत अशा माणसांस नांव नसतें, आणि अखेरच्या भागांत त्यांच्यासाठीं विमान येत नाहीं.

ओटा थोडा वेळ गप्प झाला. मग मुलगी म्हणाली, "पण पितळेचें काय? देश पितळेवर उभा राहिला तो राहिलाच ना?"

श्रोतेहो, या ठिकाणीं मला माझ्या आईच्या पाटल्या आठवल्या.

मी लहान असतांना माझे वडील एका मागवाल्याकडे विणकर होते. एका वर्षीं सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नाहींसा झाला, आणि कित्येक आठवडे माग बंद राहिले. आईच्या हातांत लग्नांतल्या दोन पाटल्या होत्या. पुढें कधीं तरी वडिलांना बरें नव्हतें असें आठवतें, धाकट्या बहिणीचें आजारपण आठवतें. परंतु आईचे हात रिकामे असल्याचें मला आठवत नाहीं. पाटल्या तिच्या हातांत नेहमीं होत्या. वाणी उधार माल देत होता, घरमालक थांबत होता. 'यांच्या घरांत अजून सोनें आहे' असें गल्लीला दिसत होतें.

आई गेल्यानंतर वांटणीसाठीं त्या पाटल्या आम्हीं सराफाकडे नेल्या. त्यानें एक कसोटीवर घांसली आणि वजन सांगितलें. दुसरी घांसली, आणि कांहीं न बोलतां माझ्याकडे सरकविली. ती पितळेची होती, वर मुलामा. मावशीनें मागाहून सगळें सांगितलें. त्या वर्षीं दोन्ही पाटल्या गहाण गेल्या होत्या, आणि आईनें तशाच दिसणाऱ्या दोन मुलाम्याच्या करून घेतल्या होत्या. वडिलांनीं रातपाळ्या करून तीन वर्षांत एक सोडविली. दुसरीची मुदत उलटून गेली. एक खरी आणि एक खोटी अशी जोडी आई जन्मभर हातांत वागवीत राहिली. मला धाकट्या वर्गांत 'खोटें बोलूं नये' हा धडा शिकवितांना पाहून ती काय मनांत म्हणत असेल, हा विचार अद्यापि मला सोडीत नाहीं.

हें सांगून झाल्यावर मीं मुलीला म्हटलें, "पितळानें सोन्याचें काम केलें, हें मीं माझ्या घरीं पाहिलेलें आहे. म्हणून तुझा प्रोफेसर खोटें बोलत नाहीं. पत म्हणजे चार माणसांनीं धरलेला विश्वास. परंतु आईच्या पितळामागें वडिलांची रातपाळी होती. वाण्याची पैन् पै चुकती झाली, म्हणून तें पितळ लबाडी ठरलें नाहीं. स्पेनच्या त्या पितळामागें कोणाची रातपाळी आहे? प्रोफेसर तर विमानांत बसून गेला."

देशावरहि अशी वेळ येते, आणि आपल्या देशावर ती आली होती. १९९१ सालीं परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हां रिझर्व्ह बँकेनें सुमारें ४७ टन सोनें मुंबईहून विमानानें परदेशीं पाठविलें आणि तें तारण ठेवून सुमारें ४० कोटि डॉलरांचें कर्ज उभें केलें. बातमी फुटली तेव्हां लोकांस मंगळसूत्र गहाण टाकल्यासारखें झालें. पुढें तें कर्ज फेडलें गेलें. फेडणारे कोण? ज्यांचीं नांवें कोणत्याहि मालिकेंत येत नाहींत, असे कमावणारे आणि कर भरणारे लोक. आणि कागदाचें घर म्हणाल, तर ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां रोखीवर मजुरी चुकविणाऱ्या आमच्या भिवंडींत कित्येक माग थांबले. खटखट थांबली कीं येथें माणसाला झोंप लागत नाहीं. घर कागदाचें असलें तरी त्याच्या छपराखालीं कोण झोंपतें, हें त्या दिवसांत आम्हीं पाहिलें.

माझा युक्तिवाद आतां सिद्धीस गेला, असें मला वाटलें. गोदामांतला मुलगा इतका वेळ पायांकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रातपाळी कोण करतो तें आम्हांला ठाऊक आहे. मी करतों. माझा बापहि करीत होता. म्हणून तर ते सुटले तेव्हां मला आनंद झाला. वाटलें, आमच्यासारख्या कुणाचा तरी एक दिवस हिशेब चुकला, आणि तो आमच्या बाजूनें चुकला."

श्रोतेहो, पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलों, परंतु या उत्तरावर माझ्यापाशीं प्रत्युत्तर नव्हतें. आजहि पुरतें नाहीं. नीतीचा पाठ मी मागें घेत नाहीं. चोरी ती चोरीच. परंतु ज्याच्या वांट्याला नित्य रातपाळी येते, त्याला दोन घटका त्या लाल पोषाखांत शिरावेंसें वाटलें, तर त्याला दोष देण्यापूर्वीं त्याच्या मजुरीचा हिशेब कोणीं तरी तपासावा, एवढें मी त्या रात्रीं शिकलों. आणि कबूल करावयाचें तर, तें हेलिकॉप्टर उडालें तेव्हां सुटकेचा निःश्वास मीहि टाकला होता. नातवानें तो ऐकला होता, आणि चौथ्या रात्रीं सर्वांसमक्ष त्यानें तो उघड केला!

माझा त्या मालिकाकारांशीं वाद एवढाच उरतो. मेलेल्या सोबत्यांसाठीं त्यांनीं आम्हांस रडविलें, सुटलेल्यांसाठीं हंसविलें, आणि दोन्ही गोष्टी उत्तम साधल्या. परंतु पितळ तिजोरींत ठेवून त्यांनीं दार लावून घेतलें. शर्विलकाचे दागिने मालकिणीपर्यंत परत गेले. आईची एक पाटली परत आली. देशाचें कर्ज फिटलें. या गोष्टींत मात्र फेड शिल्लक राहिली. मालिका संपल्यावर माझ्या नातवास जें रितेपण वाटलें, त्यांत या उरलेल्या हिशेबाचाहि अंश असावा, असें मला वाटतें.

आईच्या त्या दोन पाटल्यांपैकीं सोन्याची पाटली वांटणींत बहिणीकडे गेली. पितळेची मीं मागून घेतली. ती माझ्या टेबलाच्या खणांत असते. वादाच्या चौथ्या रात्रीं ती मीं ओट्यावर आणली. मुलीनें ती हातांत घालून पाहिली, दिव्याखालीं फिरविली आणि म्हणाली, "आजोबा, अजून सोन्यासारखी दिसते." गोदामांतल्या मुलानें ती घेतली, नुसतें वजन अजमावलें, आणि दोन्ही हातांनीं माझ्या हातीं परत दिली. मग घड्याळाकडे पाहून तो उठला. त्याच्या पाळीची वेळ झाली होती.